उंबरठ्याची उंची

मुंबईत नाल्याकाठच्या जुन्या वस्तीत एखाद्या घरात शिरताना पाय आधी बराच वर उचलावा लागतो आणि मग बराच खाली टाकावा लागतो. वर, कारण उंबरठा गुडघ्याला टेकलेला असतो. दर मोठ्या पावसानंतर त्यावर विटांचा एकेक थर चढत गेलेला असतो. खाली, कारण बाहेरची गल्ली दर काही वर्षांनी काँक्रीटचा नवा थर घेऊन उंचावत गेली आणि घर होतं तिथेच राहिलं. अशाच एका घरात आम्ही पाण्याच्या खुणा मोजायला गेलो होतो. पलंगाच्या पायांखाली दोन-दोन विटा. फ्रिज स्टुलावर. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि मुलीची दहावीची मार्कलिस्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटमाळ्याच्या खिळ्याला अडकवलेली. भिंतीवर दोन तपकिरी रेघा. घराला रंग देतानाही त्या मुद्दाम राखलेल्या. "वरची सव्वीस जुलैची, खालची सतरा सालची," घरच्या मावशींनी सांगितलं. मग दाराकडे बघत आवाज खाली आणून म्हणाल्या, "आम्ही उंबरठा वाढवला ना, तेव्हापासून शेजारी जास्त शिरतं."

बदलत्या हवामानाशी शहरानं कसं जुळवून घ्यायचं याचा अभ्यास करणाऱ्याला आयुष्यभर पुरेल एवढं काम मावशींच्या त्या एका वाक्यात आहे. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२२ च्या अहवालात अशा उपायांची वेगळी दखल आहे. मराठीत आपण त्याला अंगलट आलेलं अनुकूलन म्हणू. एकाचा बचाव दुसऱ्याच्या दारात जातो, किंवा आजचा बचाव उद्याच्या मुळावर येतो. मावशींना ते शेजारणीच्या भिजलेल्या गाद्यांवरून कळलं होतं.

'अनुकूलन' हा परिपत्रकातला शब्द. बोलताना आपण 'जुळवून घेणं' म्हणतो, आणि तो शब्द कुणाला उद्देशून असतो हे मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जुळवून घ्यायला नव्या सुनेला सांगतात, सासूला सांगत नाहीत. शहरातही तो सल्ला असाच खालच्या अंगाला वाहत जातो. दुसरा शब्द 'रेझिलियन्स'. कॅनडाचे परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये तो जंगलं आणि तळी यांच्या संदर्भात मांडला: धक्का पचवूनही एखादी व्यवस्था आपली मूळ घडण किती टिकवते, हा त्यांचा प्रश्न होता. तिथून तो शब्द शहरांपर्यंत आला. मराठीत कुणी त्याला लवचिकता म्हणतं, कुणी चिवटपणा. मला चिवटपणा जवळचा वाटतो, पण त्याचा गैरवापर फार झाला आहे. पुराच्या दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत लोकल गाठणाऱ्या माणसाला 'मुंबई स्पिरिट'चं प्रशस्तिपत्र दिलं जातं. तो जातो, कारण त्या दिवसाची हजेरी बुडणं त्याला परवडत नाही. म्हणून या क्षेत्रात गेल्या वीसेक वर्षांत काय कळलं आणि काय राहिलं हे पाहताना मी एक प्रश्न धरून चालणार आहे: जुळवून कोण घेतं, कुणाच्या खर्चानं, आणि हे मोजायला अभ्यासक तिथे किती काळ टिकतो.

सुरुवात २६ जुलै २००५ पासूनच करावी लागते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे उपनगरांत लोक बसच्या टपावर चढून जीव वाचवत होते, तेव्हा दक्षिण मुंबईत बसून शहराचा कारभार पाहणाऱ्यांच्या खिडकीबाहेर साधा पावसाळी दिवस होता. शहराचा अधिकृत पाऊस म्हणजे प्रामुख्यानं या दोन वेधशाळांचे आकडे. मधल्या एवढ्या मोठ्या मुंबईत कुठे किती कोसळतोय हे घडत असताना सांगणारी सोय नव्हती. त्यानंतर महापालिकेनं शहरभर साठाहून अधिक स्वयंचलित केंद्रं बसवली. २०२० मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं मुंबईसाठी पुराची पूर्वसूचना देणारी 'आय-फ्लोज' प्रणाली सुरू केली. आयआयटी मुंबईतले सुबिमल घोष आणि त्यांचे सहकारी प्रभागाच्या पातळीवर पाऊस आणि पाणी तुंबण्याचा अंदाज देण्यासाठी झटत आहेत. या विषयातली सगळ्यात ठोस प्रगती मला इथे दिसते: 'मुंबईत पाऊस' असं काही नसतं, कुर्ल्याचा पाऊस असतो आणि दहिसरचा पाऊस असतो, हे आता आकड्यांनी सिद्ध झालं आहे.

पण पाऊस मोजणं वेगळं आणि पाणी वाहून नेणं वेगळं. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचं जुनं जाळं ब्रिटिश काळातलं. तासाला २५ मिलीमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, हे त्याचं गणित. शिवाय त्या पंचवीसातला निम्मा जमिनीत मुरेल, हे गृहीत. १९८५ च्या पुरानंतर हे जाळं सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाचा विचार सुरू झाला, अहवाल १९९३ मध्ये आला आणि कामाला खरा वेग आला तो २००५ च्या प्रलयानंतर, माधवराव चितळे समितीनं सगळा प्रकार तपासल्यावर. नव्या गणितात क्षमता तासाला ५० मिलीमीटर धरली आणि जमिनीत मुरणारं पाणी शून्य.

या शून्यापाशी मी नेहमी थांबते. इंजिनिअरच्या दृष्टीनं ती प्रामाणिक नोंद आहे: आता मुरायला जागा उरलेली नाही, तेव्हा जेवढं पडेल तेवढं सगळं वाहील असं धरा. पण शंभर वर्षांत या शहरानं आपल्या जमिनीचं काय केलं, त्याचा एवढा स्वच्छ कबुलीजबाब दुसरीकडे सापडणार नाही. मिठागरं, खाजणं, तळी, मिठी नदीच्या दोन्ही काठांचा पसरट भाग, चाळींमधली मातीची अंगणं हे सगळं मिळून जो 'निम्मा' होता, तो गेला. त्या निम्म्याची किंमत कुठल्याही इमारतीच्या प्रस्तावात कधी लिहिली गेली नाही. ती पुढे पंपिंग स्टेशनांच्या बिलात आली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली जातात, म्हणून पावसाचं पाणी उचलून समुद्रात फेकायचं. हिंदमाताला तर पाणी साठवायला मैदानांखाली प्रचंड टाक्या बांधाव्या लागल्या. त्यांचा उपयोग झाला आहे, हे मान्य करायला हवं. पण २००५ च्या त्या दुपारी सांताक्रूझला एकाच तासात १९० मिलीमीटर पडला होता, आणि आपली वाढवलेली क्षमता ५० ची आहे.

पाऊस असा का वागतोय याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या प्रवाहातले चढउतार वाढले, हे त्यांनी दिलेलं कारण. एकूण पाऊस त्या प्रमाणात वाढलेला नाही. तो कमी वेळात, जास्त जोरानं पडू लागला आहे, आणि शहराला मारतो तो हाच जोर.

आता हे ज्ञान नकाशावर कसं उतरतं ते पाहा. आपल्याकडे जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं, शंभरातून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाही. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, आणि तीही मागच्या नोंदींसारखाच पुढचा काळ असेल या विश्वासावर. तो विश्वास आता धरता येत नाही, हे जलशास्त्रज्ञांच्या एका गटानं 'सायन्स' या नियतकालिकात २००८ मध्येच स्पष्ट शब्दांत लिहिलं. सांगली-कोल्हापूरनं २०१९ मध्ये आणि लगेच २०२१ मध्ये पुन्हा महापूर पाहिला. २०२१ मध्येच चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. तरी बांधकामाची परवानगी, फ्लॅटचा भाव, बँकेचं कर्ज यांतलं बरंच काही अजून त्याच लाल रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर ठरतं. रेषा नव्यानं आखणं हे किचकट काम आहे. त्यासाठी जलशास्त्र लागतं, जमिनीची अचूक उंची लागते आणि रेषा सरकल्यावर ज्यांचं नुकसान होणार त्यांच्यासमोर उभं राहण्याची तयारी लागते. तिसरी गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

पुण्यात तर नद्यांच्या रेषांबद्दल निदान वाद होतात, ओढ्यांबद्दल तेवढेही होत नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्यानं सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, टांगेवाला कॉलनीत माणसं दगावली, शहर-परिसरात मिळून वीसाहून अधिक बळी गेले. ज्या ओढ्याला पुणेकर गटार समजत होते, त्यानं एका रात्रीत आपली जुनी वाट दाखवून दिली. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत खडकवासल्याचा विसर्ग घराघरांत शिरला. धरणातून किती सोडणार, ते पाणी अमुक सोसायटीत किती वाजता पोचणार, या साध्या प्रश्नाचं उत्तर देणं शास्त्राला आज शक्य आहे. ते उत्तर झोपलेल्या माणसापर्यंत कसं पोचवायचं, हे संशोधन अजून कोवळं आहे.

पाणी निदान भिंतीवर रेघ ठेवून जातं. उष्णता काहीच ठेवत नाही. उन्हानं गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार लिहिलेला असतो. म्हणून या विषयातलं मला सर्वात मोलाचं वाटणारं काम अहमदाबादचं आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे दिलीप मावळंकर आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी त्या महिन्यातल्या एकूण मृत्यूंची लगतच्या वर्षांच्या मे महिन्याशी तुलना केली. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. साधन कुठलं, तर महापालिकेची मृत्युनोंदणी. कारण काहीही लिहिलेलं असो, एकूण मोजणीतला फुगवटा लपत नाही. त्या आकड्यानं महापालिका हलली आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्मा कृती आराखडा तयार झाला: ठरावीक तापमानाला पिवळा, नारिंगी, लाल इशारा, दवाखान्यांत बर्फ आणि सलाइनची तयारी, पाणपोया, कामाच्या वेळांत बदल. २०१८ च्या एका अभ्यासानुसार त्यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले असावेत.

पुढे देशभर आराखडे निघाले. आपल्याकडे नागपूरनं लवकर पाऊल टाकलं. पण दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चनं २०२३ मध्ये ३७ आराखडे तपासले तेव्हा पैसा कुठून येणार याचा उल्लेख फक्त ११ आराखड्यांत सापडला, आणि कोण जास्त धोक्यात आहे याची रीतसर पाहणी फक्त दोहोंत. अहमदाबादची नक्कल झाली, अहमदाबादची मोजणी झाली नाही.

त्याच वर्षी, १६ एप्रिलला, खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जणांचा उन्हानं बळी गेला. त्या दिवशी पारा चाळिशीपर्यंतही गेलेला नव्हता. अहमदाबादच्या कोरड्या उन्हासाठी ठरवलेल्या मर्यादा किनारपट्टीवर लावल्या तर इशाऱ्याचा रंग पिवळाही होणार नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून शास्त्रज्ञ थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून मिळणारं तापमान पाहतात. ते ३५ अंशांवर गेलं की निरोगी माणूसही सावलीत बसून तग धरू शकणार नाही, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. पेन्सिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेत २०२२ मध्ये तरुण, धडधाकट माणसांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा शरीराचा तोल ३१ च्या आसपासच ढळू लागतो असं दिसलं. मग तासन्‌तास उन्हात बसलेली, साठी उलटलेली माणसं किती सोसू शकतात? कोकण, मुंबई, गोवा या पट्ट्यासाठी स्वतःच्या मर्यादा ठरवणं हे काम आजच्या एखाद्या तरुण अभ्यासकाच्या हातून व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि ते घराच्या आत जाऊन व्हावं. वेधशाळेचं तापमान गवतावर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीत घेतलेलं असतं. जगभर तुलना करायची तर ते तसंच घ्यायला हवं. पण पत्र्याखालच्या दहा बाय बाराच्या खोलीत, स्टोव्ह पेटलेला असताना आणि रात्री दार लावून घेतल्यावर काय होतं, ते त्या पेटीला कळत नाही. बाईला रात्री दार उघडं टाकून झोपता येत नाही, एवढ्या एका कारणानं तिच्या खोलीची रात्र बाहेरच्या रात्रीहून गरम राहते. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांत छपरांना पांढरा परावर्तक रंग देण्याचं काम नेटानं केलं आहे. सेवा संघटनेनं २०२३ मध्ये गुजरातमधल्या २१,००० कष्टकरी स्त्रियांसाठी उष्णतेचा विमा काढला: तापमानानं ठरलेली मर्यादा ओलांडली की दावा न करता पैसे खात्यात. कल्पना चांगली आहे. तरी ती मर्यादा कुठल्या थर्मामीटरवर मोजायची, हा वाद इथेही आहेच, कारण भाजीवालीची पाटी वेधशाळेच्या गवतावर मांडलेली नसते.

जगाकडे पाहिलं तर दोन शहरांची गोष्ट पुरे. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोनेक तासांत सुमारे १५० मिलीमीटर पाऊस पडला. त्यांनी पुढच्याच वर्षी ढगफुटीचा स्वतंत्र आराखडा केला आणि बागा, चौक, रस्ते हेच पाण्याला थोपवायला आणि वाट द्यायला वापरायचं ठरवलं. चीननं २०१४-१५ पासून 'स्पंज शहरं' उभी करायला घेतली. लँडस्केप वास्तुरचनाकार यू कोंगजियान यांनी ही कल्पना लोकप्रिय केली. त्या मार्गावर मोठा खर्च केलेल्या चंगचौ शहरात जुलै २०२१ मध्ये एका तासात २०१.९ मिलीमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी मेट्रोत १४ प्रवासी बुडून मेले. स्पंज रोजच्या पावसाला उपयोगी आहे. एका तासात दोनशे मिलीमीटर आला तर मेट्रो वेळेत थांबवणारा माणूस आणि तशी आज्ञा देण्याचा अधिकार लागतो.

आता हे काम करणाऱ्या माणसांविषयी. या क्षेत्राला एकच दरवाजा नाही. कुणी सिव्हिल इंजिनिअरिंगमधून जलशास्त्राकडे येतं, कुणी भूगोलातून, कुणी वास्तुरचनेतून नगररचनेकडे, कुणी डॉक्टर होऊन सार्वजनिक आरोग्याकडे, कुणी समाजकार्यातून. मुंबईत आयआयटीचा हवामान अभ्यासाचा कार्यक्रम आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाची शाखा आहे, पुण्यात पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, हवामान खातं, ग्रामीण भागातून या प्रश्नाकडे आलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, अहमदाबादेत सेप्ट, बंगळुरूत इंडियन इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन सेटलमेंट्स, जिथले अरोमार रेवी आयपीसीसीच्या २०१४ च्या अहवालात शहरांवरच्या प्रकरणाचे समन्वयक लेखक होते. आता आयपीसीसीचा खास शहरांवरचा अहवाल लिहिला जात आहे, तो २०२७ मध्ये अपेक्षित आहे. मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला, पुढे अर्थसंकल्पातला हवामानाशी निगडित खर्चही वेगळा मांडायला घेतला. मागणी आहे, कामही आहे.

काम करणाऱ्याचं आयुष्य मात्र तुकड्यांत जातं. नेट उत्तीर्ण झालेल्या संशोधकाला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये शिष्यवृत्ती आहे. मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्याला त्यात पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही काढायचे असतात. नंतर प्रकल्पांवरच्या नेमणुका. दोन वर्षं, तीन वर्षं. पहिलं वर्ष परवानग्यांत जातं. आमचंच सांगते: एका कार्यालयाकडे पावसाच्या तासागणिक नोंदी मागायला आम्ही पाच महिने खेटे घातले, आणि मिळाल्या तेव्हा त्या छापील कागदांवर होत्या. दुसऱ्या वर्षी मोजणी. तिसऱ्या वर्षी अहवाल आणि इंग्रजी नियतकालिकातला शोधनिबंध, कारण पुढची नेमणूक त्यावर ठरते. ज्या वस्तीत आकडे घेतले तिथे परत जाऊन मराठीत किंवा हिंदीत ते सांगण्याचे गुण कुठल्याच मूल्यमापनात मिळत नाहीत. ज्या पावसाची वाट पाहत उपकरण बसवलं, तो मोठा पाऊस बहुतेक वेळा चौथ्या वर्षी येतो.

संस्थांचंही असंच. रॉकफेलर फाउंडेशननं २००८ च्या सुमारास आशियातल्या शहरांसाठी अनुकूलनाचा कार्यक्रम सुरू केला. भारतात सुरत, इंदूर आणि गोरखपूर ही पहिली तीन शहरं. नंतरच्या 'शंभर रेझिलियंट शहरं' या उपक्रमात पुण्याचीही निवड झाली. २०१९ मध्ये फाउंडेशननं तो उपक्रम गुंडाळला. यातून तरलं ते प्रामुख्यानं सुरत, आणि त्याचं कारण सुरतमध्येच आहे. १९९४ च्या प्लेगनं आणि २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं त्या शहराला चांगलंच शिकवलं होतं. महापालिका, व्यापारी आणि अभ्यासक एकत्र येऊन २०१२ मध्ये त्यांनी स्वतःचा हवामान ट्रस्ट काढला, तापीच्या पुराची पूर्वसूचना धरणापासून शहरापर्यंत बांधून घेतली. बाहेरचा पैसा थांबला तरी घरचं माणूस तिथे होतं.

लांब पल्ल्याच्या मोजणीची परंपरा आपल्याकडे नव्हती असं नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होत्या. मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्या प्रवाहानं सूक्ष्म नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आलं. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते. हलवताना त्यांनी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे बिनचूक जोडता यावेत. त्यामुळे ती मालिका आजही अखंड आहे. विषय वेगळा आहे, पण शहर बदलत असताना मोजणी कशी टिकवायची याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

या वाटेला लागू पाहणारी मुलंमुली मला विचारतात, काय शिकावं? संगणकी प्रारूपं शिका, उपग्रहाची चित्रं वाचायला शिका, हे त्यांना सगळेच सांगतात. मी त्यात भर घालते ती वॉर्ड ऑफिसची. टेंडर वाचायला शिका, कारण शहराचं हवामान धोरण शेवटी नाल्याच्या रुंदीच्या टेंडरात लिहिलेलं असतं. नालेसफाईच्या मुकादमाबरोबर एक पावसाळा फिरा. कुठलं झाकण आधी उचललं जातं, कुठल्या कल्व्हर्टमध्ये केबलच्या नळ्या आडव्या गेल्यात, भरती किती फुटांची असली की कुठली गल्ली आधी भरते हे त्याच्या डोक्यात असतं आणि निवृत्तीच्या दिवशी ते त्याच्याबरोबर घरी जातं. ते लिहून ठेवणं हे संशोधन आहे, त्याला तो मान मिळायला हवा. आणि मराठी नीट बोला, लिहा. 'असुरक्षितता निर्देशांक' असा शब्द प्रश्नावलीत घालून कुणी मनातलं सांगत नाही. 'रात्री पाणी शिरलं तर आधी कुणाला उचलता?' असं विचारलं की सांगतात.

मावशींच्या घरी आम्ही मोजपट्टी लावून आलो होतो, पाणी चढेल तशी उंची वाचता यावी म्हणून. प्रकल्प संपला, पट्टीचा करार संपला, आम्ही पांगलो. मध्ये तीन पावसाळे गेले. मागच्या हिवाळ्यात सहज म्हणून गेले तर भिंतीचं प्लास्टर नवं होतं, त्यावर फिकट पिस्ता रंग, खाली चकचकीत लादी. मुलीचं लग्न ठरलं होतं. तपकिरी रेघा गेल्या होत्या, आमची पट्टीही. माझा चेहरा बघून मावशींनी दार लोटलं आणि दाराच्या मागची बाजू दाखवली. तिथे बॉलपेनानं पाच आडव्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. गवंडी यायच्या आदल्या दिवशी मुलीनं शिलाईच्या टेपनं जुन्या रेघा जमिनीपासून मोजून इकडे उतरवल्या होत्या, आणि आम्ही गेल्यानंतरच्या तीन पावसाळ्यांच्या रेघा त्यांनी स्वतःच भरल्या होत्या. सगळ्यात खाली, लादीच्या लगेच वर, बारीक अक्षरात लिहिलं होतं: लादी नवीन, दोन इंच वर, आधीच्या मापातून वजा करणे.